भंडारदऱ्याची ई-बाइक टूर आणि सायकली 'मरायचं' वळण

लिहू की नको करत दोन महिने काढले. फसलो हे चारचौघांत सांगायची लाज वाटते, त्यात घरातले सगळे शिकलेले, नवरा तर बँकेतून आलेले मेसेज दहा वेळा वाचणारा माणूस. पण परवा वन्संनी मला एक रील पाठवली आणि ती बघून म्हटलं आता बास, लिहायचंच. रीलचं शेवटी सांगते.

आधीच सांगून ठेवते की भंडारदऱ्यावर माझा काही राग नाही. आम्ही नाशिकचे, घोटीवरून वळलं की दीड-दोन तासांत शेंडी, म्हणजे भंडारदरा धरणाजवळचं गाव, गाठतो, लग्नाआधीपासून जातेय मी तिकडे. तिथले घरगुती जेवण देणारे, तंबूवाले, पावसाळ्याआधी काजवे दाखवायला नेणारी पोरं, बहुतेक सगळी कष्टाची माणसं आहेत. आम्हाला ज्यांनी लुटलं ते बाहेरून आलेले होते असं गावातल्याच लोकांनी सांगितलं, खरंखोटं देव जाणे.

तर झालं असं, दिवाळी झाली, वन्सं त्यांच्या लेकाला घेऊन आमच्याकडे आलेल्या. भाचा इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याला इन्स्टावर एक रील दिसली, ड्रोनने काढलेली, आर्थर लेकचं, म्हणजे भंडारदऱ्याच्या तलावाचं, निळंशार पाणी, कडेने जाणारा वळणावळणाचा रस्ता आणि त्यावर रांगेत चाललेल्या इलेक्ट्रिक सायकली. 'गाइडेड ई-बाइक टूर, पूर्ण लेक राउंड, ६० किमी रेंज, सोबत सपोर्ट गाडी, नाश्ता, रतनवाडीला गावरान जेवण, एंट्री फी सकट माणशी १,९५०.' वन्संना गुडघ्याचा थोडा त्रास, त्यांना सायकल चालवायची हौस पण चढ झेपत नाही, त्यामुळे मोटर असलेली सायकल म्हटल्यावर त्या सगळ्यात आधी तयार. चौघांचे ७,८०० झाले, निम्मे आधी पाठवायचे, निम्मे तिथे गेल्यावर.

पहिली चूक इथेच झाली आणि ती माझी. यूपीआयवर पैसे पाठवताना स्क्रीनवर जे नाव आलं ते कंपनीचं नव्हतं, कुणातरी माणसाचं होतं. मी विचारलंही, तर 'मॅडम करंट अकाउंटचं काम चालू आहे, सध्या पार्टनरच्या नावावर घेतोय' असं उत्तर आलं, सोबत दोन हात जोडलेले इमोजी. पाठवले मी. बिल मागितलं नाही, ऑफिसचा पत्ता मागितला नाही. भाजीवालीकडे दोन रुपयांसाठी घासाघीस करणारी मी.

रविवारी सकाळी साडेआठला शेंडीत पोचलो. एका पत्र्याच्या शेडसमोर सायकली लावून ठेवलेल्या, लांबून एकदम चकाचक. जवळ गेलं की ग्रिप फाटलेल्या, एका सायकलचा स्टँड तारेने बांधलेला. वन्संच्या सायकलची ग्रिप इतकी चिकट होती की त्यांनी गळ्यातला नारंगी रुमाल काढून हँडलला गुंडाळला. तिथल्या माणसाने आधार कार्डाचे फोटो काढले आणि मग सांगितलं की सायकलमागे ३,००० डिपॉझिट, परत मिळणार, टेन्शन घेऊ नका. हे आधी कुठेच सांगितलेलं नव्हतं. पण चार माणसं हेल्मेट घालून उभी आहेत, समोर कळसूबाई धुक्यातून डोकं काढतेय, अशा वेळी कोण भांडतं? १२,००० तिथेच स्कॅन करून दिले. त्याच्या फोनवर एक फॉर्म होता, बारीक इंग्रजीतला, खाली बोटाने सही करायची. केली चौघांनीही, वाचला एकानेही नाही.

एक गोष्ट भाच्याने तिथेच सांगितली होती. २५० वॉटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंत वेग असलेल्या सायकलला लायसन्स लागत नाही, रजिस्ट्रेशनही नाही. मला तेव्हा ते बरंच वाटलं, सोय झाली म्हटलं. याचा दुसरा अर्थ नंतर कळला, की या सायकलींना नंबरप्लेट नसते आणि उद्या मालक शोधायचा म्हटलं तर कुठल्याच कागदावर तो सापडत नाही.

गाइड म्हणजे वीस-बावीस वर्षांचा पोरगा, आणि तो सायकलवर नाही, पेट्रोलच्या मोटारसायकलवर. नकाशा माहीत असणाऱ्यांना कळेल, शेंडीतून तलावाला फेरी मारायची तर दोन बाजू आहेत. एका बाजूने मुतखेल, कोलटेंभे करत रतनवाडी, दुसऱ्या बाजूने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघर आणि मग साम्रदवरून रतनवाडीला उतरायचं. पूर्ण फेरी चाळीस किलोमीटरच्या वर जाते. त्याने आम्हाला घाटघरच्या बाजूने घेतलं. भाचा म्हणाला आधी रतनवाडीला जाऊ, अमृतेश्वराचं दर्शन करू, तर म्हणे नाही, रूट ठरलेला आहे.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन तास स्वर्ग होता. भातकापणी चाललेली, खाचरांत पिवळे पेंढे, रस्त्याच्या कडेला वाळत घातलेलं भात, डावीकडे सारखं डोकावणारं पाणी. हा तलाव म्हणजे प्रवरेवरचं विल्सन धरण, १९२६ मध्ये पूर्ण झालेलं, म्हणजे शंभरीचं, पण त्या पाण्याकडे बघून वाटतं कालच कुणीतरी डोंगरांच्या मधे ओतून ठेवलंय. वन्सं तर गाणी म्हणत होत्या. चढ आला की अंगठ्याने थ्रॉटल दाबायचं, सायकल आपोआप वर. मी सुरुवातीला पॅडल मारत होते तर गाइड मोटारसायकल शेजारी आणून म्हणाला, 'मावशी पॅडल कशाला मारताय, एक्सलेटर द्या ना, पैसे कशाचे दिलेत?' सगळे हसलो. वन्संच्या मोबाइलमध्ये त्या वेळी व्हिडिओ चालू होता, हे वाक्य त्यात आलंय. याचं महत्त्व पुढे.

एकटा भाचा ऐकत नव्हता. त्याने मोटरचा आधार सगळ्यात कमीवर ठेवला आणि पायाने सायकल मारत राहिला, व्यायाम म्हणून.

घाटघरला कोकणकड्यावर थांबलो, फोटो काढले. तिथे भाच्याने आम्हाला एक लेक्चर दिलं की इथे २५० मेगावॅटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे, वीज जास्त असते तेव्हा खालच्या चोंढ्याच्या धरणातलं पाणी पंपाने वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच खाली सोडून वीज तयार करतात, म्हणजे मामी हा अख्खा कडा एक बॅटरीच आहे बघ. नवरा म्हणाला वा. आमच्या सायकलींच्या डिस्प्लेवर तेव्हा बॅटरीच्या पाचपैकी चार दांड्या होत्या. म्हटलं भरपूर आहे.

घाटघर सोडून साम्रदच्या दिशेने निघालो आणि काही मिनिटांत चाराच्या दोन, दोनाची एक. एका चढाच्या वळणावर वन्संची सायकल गपकन बंद. डिस्प्लेच गेला. मागून नवऱ्याची. मी हसत होते तोवर माझीही. अंदाजे शंभर पावलांच्या आत तिघांच्या सायकली मेल्या. पंचवीस-सव्वीस किलो वजनाची सायकल मोटरशिवाय चढावर चालवून बघा एकदा, ढकलणंसुद्धा होत नाही. पावणेबाराचं ऊन, सावली नाही, मोबाइलला रेंज नाही, आणि वन्संचा गुडघा.

गाइडचा चेहरा अजिबात पडला नाही. 'होतं असं, तुम्ही थ्रॉटल जास्त दिलं ना. मी रेंजमध्ये जाऊन सपोर्टला फोन करतो.' गेला. आता शेंडीहून तिथवर गाडी यायची म्हटली तर त्या रस्त्याने पाऊण तास कुठे गेला नाही, जास्तच. पण हा गेला आणि पंधरा मिनिटांत टेम्पो हजर. आणि तो शेंडीकडून नाही, समोरून साम्रदच्या बाजूने आला. मागे गोण्या अंथरलेल्या, दोऱ्या कापून ठेवलेल्या, चार सायकली बांधायची अगदी मापात जागा. भाचा माझ्या कानात म्हणाला, 'मामी, हा वाटच बघत होता.'

ड्रायव्हर खाली उतरला आणि पहिलं वाक्य, 'सायकलमागे पंधराशे रेस्क्यू चार्ज.' आम्ही म्हटलं सपोर्ट गाडी पॅकेजमध्ये आहे. तर म्हणे ती पंक्चर आणि तब्येतीसाठी, बॅटरी तुम्ही संपवली तर वेगळे. भाच्याची सायकल तर चालू होती, दोन दांड्या होत्या, त्याचेही पंधराशे, कारण म्हणे एकटा मागे राहिला तर जबाबदारी कोण घेणार. नवऱ्याने अर्धा तास वाद घातला. शेवटी वन्सं रस्त्याच्या कडेला दगडावर बसल्या आणि त्यांचा चेहरा बघून मीच म्हटलं, अहो द्या आता. ६,००० रोख घेतले, ऑनलाइन नको म्हणाले कारण रेंज नाही. आमच्याकडचे जवळजवळ सगळे रोख पैसे तिथे संपले.

साम्रदला टेम्पोवाला चहा प्यायला थांबला, गाइड आणि तो बाजूला जाऊन हसतखिदळत होते. आम्ही एका घराच्या ओट्यावर बसलो. घरातल्या मावशींनी पाणी आणलं, न मागता चहा केला, पैसे घेतले नाहीत. वन्संच्या गुडघ्याला तेल चोळायला दिलं. मग हळूच म्हणाल्या, 'बाई, दर रैवारी त्याच वळणाला सायकली मरत्यात. आन टेम्पो हितं सकाळीच यून उभा ऱ्हातो.' मी विचारलं तुम्ही लोकांना सांगत का नाही, तर म्हणाल्या, 'सांगणार कुणाला, मेल्यावरच तर हितं येता तुम्ही.'

रतनवाडीत जेवण नव्हतंच. 'लेट झालं, किचन बंद.' ज्या घरात जेवण सांगितलंय म्हणत होते तिथे भाच्याने जाऊन विचारलं, त्यांना कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. त्यांनी तरीही पाच मिनिटांत पिठलं टाकते म्हटलं, पण टेम्पोवाला हॉर्न वाजवत बसला. अमृतेश्वराचं देऊळ लांबूनच पाहिलं. एंट्री फीसुद्धा सकाळी नाक्यावर आम्हीच भरली होती, ते तर मी विसरूनच गेले होते.

टेम्पोत मागे भाचा सायकलींजवळ बसला होता, त्याने एक गोष्ट पाहिली जी नसती पाहिली तर आम्ही आयुष्यभर स्वतःलाच दोष देत बसलो असतो. प्रत्येक बॅटरीच्या खालच्या बाजूला, सहज दिसणार नाही अशा जागी, काळ्या मार्करने आकडा लिहिलेला होता. वन्संच्या बॅटरीवर २४. नवऱ्याच्या २४. माझ्या २५. त्याच्या स्वतःच्या बॅटरीवरही २४. त्याने डिस्प्लेवरचे किलोमीटर सकाळी निघताना आणि घाटघरला असे दोनदा टिपून ठेवलेले, त्याला सवय आहे असल्या गोष्टींची. आमच्या सायकली चोवीस-पंचवीस किलोमीटरच्या आसपासच बंद पडल्या होत्या. म्हणजे कुठली बॅटरी नुसत्या थ्रॉटलवर किती चालते हे त्यांनी आधी मोजलेलं होतं आणि तेवढ्याच ताकदीच्या बॅटऱ्या निवडून आमच्या सायकलींना लावल्या होत्या. भाच्याची तेवढी वाचली कारण तो पाय मारत होता. म्हणून तर तो पोरगा पॅडल मारू देत नव्हता.

मी भाच्याला विचारलं की मग डिस्प्लेवर दांड्या कशा दिसत होत्या. तो म्हणाला, 'मामी, जुनं धरण डोळ्यांसमोर आण. तळाला गाळ साठलाय. पावसाळ्यात वरून बघितलं तर काठोकाठ, पण खरं पाणी निम्मंच. ते दांड्यांचं मीटर फक्त पातळी बघतं, म्हणजे व्होल्टेज. जुनी बॅटरी रात्रभर चार्ज केली की तीसुद्धा सकाळी फुलच दाखवणार. चढावर जोर पडला की मग तिचं पितळ उघडं पडतं.' इतकं सोपं आहे ते. म्हणून आता मी सगळ्यांना सांगते की अशी सायकल भाड्याने घेताना नुसत्या दांड्या बघून सही करू नका, आधी जवळच्या एखाद्या चढावर थ्रॉटल पूर्ण दाबून दोन-तीन मिनिटं चालवा आणि दांड्या बघा. धाडकन दोन-तीन पडल्या आणि थांबल्यावर परत वर आल्या तर ती बॅटरी म्हातारी आहे, घेऊ नका. आणि चार्जर सोबत मागा. त्याने फार काही होत नाही, या बॅटऱ्या पूर्ण भरायला चार-पाच तास लागतात, पण जो खरा धंदा करतो तो चार्जर द्यायला कां-कू करत नाही. आम्हाला 'पॉलिसी नाही' म्हणाले होते.

शेंडीत परत आलो तेव्हा तीन वाजलेले, पोटात सकाळचे पोहे. आता खरा तमाशा. डिपॉझिट मागितलं तर त्या माणसाने एका बॅटरीला मीटर लावल्यासारखं केलं, च्यच्य केलं आणि म्हणाला, 'डीप डिस्चार्ज झाली, सेल गेले, नवी बॅटरी पंधरा हजारांची येते, आम्ही तुमच्याकडून फक्त डिपॉझिट घेतोय.' फॉर्ममधलं अकरावं कलम दाखवलं, थ्रॉटलचा अतिवापर केल्यास नुकसानीची जबाबदारी ग्राहकाची. भाचा म्हणाला बॅटरीत सेल खराब व्हायच्या आत पुरवठा तोडणारं सर्किट असतं, बीएमएस म्हणतात त्याला, म्हणूनच तर डिस्प्ले गपकन गेला, एका दिवसात सेल कसे जातील, आणि माझी तर संपलीच नव्हती तिचे पैसे का कापता. यावर उत्तर नव्हतं, मग आवाज चढला. शेडमधून आणखी दोघंतिघं येऊन उभे राहिले, काही बोलले नाहीत, नुसते उभे. आमच्या आधारचे फोटो त्यांच्याकडे. नवऱ्याने गाडी काढली.

हिशेब सांगते, ७,८०० टूरचे, १२,००० डिपॉझिट, ६,००० टेम्पोचे. २५,८०० रुपये. यात घोटीला येऊन हादडलेली मिसळ धरलेली नाही.

त्या रात्री मी रिव्ह्यू टाकला. दुसऱ्या दिवशी फोन, अत्यंत गोड आवाज, 'मॅडम आमच्या स्टाफची चूक झाली, रिव्ह्यू काढा, पूर्ण रिफंड देतो,' आणि व्हॉट्सअपवर एक क्यूआर कोड, स्कॅन करून पिन टाका म्हणजे १२,००० जमा होतील. नवऱ्याने फोन अक्षरशः माझ्या हातातून ओढून घेतला. पैसे घ्यायला पिन लागत नाही हो, पिन लागतो तो फक्त द्यायला. मला माहीत होतं हे, टीव्हीवर शंभरदा ऐकलंय, तरी बोट त्या स्क्रीनवर गेलंच होतं, कारण डोक्यात फक्त रिफंड.

मग तक्रारी. १९३० वर फोन केला, हा सायबर फसवणुकीचा नंबर, तिथे क्यूआरवाल्या प्रकाराची नोंद झाली. टूरच्या पैशांबद्दल सांगण्यात आलं की ते तुम्ही स्वतः सेवेसाठी दिलेत, तो ग्राहक तक्रारीचा विषय. १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार घातली, पण समोरची पार्टी म्हणजे एक इन्स्टा पेज आणि एक मोबाइल नंबर, आठवड्यात दोन्ही बंद. जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करता येतो आणि तो आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येतो, म्हणजे आम्हाला नाशिकमध्येच. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फीसुद्धा नाही, हे मला वकील असलेल्या मैत्रिणीने सांगितलं. अडतं ते एकाच ठिकाणी, नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवायची? आमच्या हातात आहे काय, तर टेम्पोच्या नंबरचा फोटो (भाच्याने काढलेला, देव त्याचं भलं करो), ज्याच्या खात्यात पैसे गेले त्याचं नाव आणि वन्संच्या मोबाइलमधलं 'एक्सलेटर द्या ना'. पोलिसांत लेखी अर्ज दिलाय, पोच घेतलीय. पैसे परत येतील असं मला वाटत नाही, पण टेम्पोचा मालक निघेल असं वाटतं.

त्या गाइड पोराचा मात्र राग येत नाही, का कुणास ठाऊक. टेम्पोत बसताना त्याने वन्संना हात दिला होता आणि खालच्या मानेने 'सॉरी काकू' म्हणाला होता. वन्संच्या मते तेही ठरलेलंच असणार.

आता ती रील. परवा वन्संना दिसली, नवीन पेज, नवीन नाव, या वेळी 'सनराइज लेक राइड', दर वाढवून २,४५०. तेच ड्रोन, तेच पाणी. मधे तीन-चार सेकंद सायकली जवळून दाखवल्यात. भाच्याने तिथे थांबवून मोठं करून दाखवलं, दुसऱ्या नंबरच्या सायकलच्या हँडलला वन्संचा नारंगी रुमाल अजून तसाच गुंडाळलेला आहे.

स्क्रीनशॉट काढून अर्जाला जोडलाय. वन्सं म्हणतात पैशांचं राहू दे, तो रुमाल येवल्याहून आणलेला, तेवढा परत मागा.